उन्हाळ्यातल्या पाणीबचतीचं सामान: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

उन्हं तापायला लागली की कोल्हापुरात लक्ष्मीपुरी-शाहूपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत पाणी वाचवणाऱ्या वस्तूंची विचारणा वाढते. नळाला लावायची फेसाळ जाळी, टाकी भरली की वाजणारा अलार्म, मोटर आपोआप बंद करणारा कंट्रोलर, दोन बटणांचा फ्लश, हौद भरला की पाणी आपोआप बंद करणारा बॉल कॉक. यांतली कुठलीच वस्तू निरुपयोगी नाही, पण कुठलीच प्रत्येक घराच्या कामाचीही नाही. सगळ्यात जास्त बोलबाला जाळीचा होतो, आणि बादलीनं आंघोळ करणाऱ्या साध्या घरात सगळ्यात कमी पाणी तीच वाचवते. हौदातला बॉल कॉक आणि फ्लशच्या टाकीतला रबरी वायसर यांच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. पाणी जातं ते मात्र तिथूनच.

म्हणून सुरुवात बॉल कॉकपासून. आपल्याकडे पाणी ज्या त्या भागाच्या वेळेला येतं आणि तेवढ्यात हौद किंवा जमिनीखालची टाकी भरून घ्यायची असते. पहाटे पाणी आलं, घर झोपेत आहे, हौद भरला, की उरलेला वेळ पाणी गटारात. अर्धा इंची जोडणीतून मिनिटाला १५ लिटर पाणी येत असेल, तर पाऊण तासात ६७५ लिटर वाहून जातं. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर हा मापदंड धरतात. म्हणजे पाच माणसांच्या घराचं पूर्ण दिवसाचं पाणी एका पहाटेत गेलं. हे पाणी फुकट येत नाही. २०२३ पासून ते काळम्मावाडी धरणावरून सुमारे ५३ किलोमीटरच्या थेट पाइपलाइननं पुईखडीला येतं, तिथं शुद्ध होतं आणि मग आपल्या गल्लीत पोचतं.

बॉल कॉकचं काम समजून घेतलं तर खरेदी चुकत नाही. लाइनमधलं पाणी वायसरला ढकलत असतं आणि तरंगणारा चेंडू दांडीच्या जोरावर त्याला उलटा दाबून धरतो. चेंडू मोठा किंवा दांडी लांब, तर दाबण्याचा जोर जास्त. सखल भागात, विशेषतः पहाटे गल्लीत फारसं कुणी पाणी घेत नसताना, लाइनचा दाब चढतो. त्या दाबाला लहान चेंडूचा स्वस्त प्लास्टिकचा कॉक पुरा पडत नाही. तो मिटल्यासारखा दिसतो, पण बारीक धार चालूच राहते. अशा ठिकाणी जास्त दाबासाठीचा, म्हणजे आत लहान भोक असलेला पितळी कॉक मागावा. उलट चढावरच्या भागात दाबच कमी असेल, तर लहान भोकाचा कॉक बसवल्यावर हौद भरायला वेळ पुरत नाही. तिथं कमी दाबाचा, मोठ्या भोकाचा घ्यावा. दुकानात ‘बॉल कॉक द्या’ एवढंच सांगून भागत नाही. जोडणी अर्धा इंची की पाऊण इंची आणि दाब जास्त की कमी, या दोन्ही गोष्टी सांगायच्या. पितळी कॉकवर आयएसआय खूण आणि आयएस १७०३ हा क्रमांक आहे का ते बघावं. हातात घेऊन वजनही बघावं. पातळ ओतकामाचे आटे दुसऱ्यांदा खोलतानाच झिजलेले सापडतात.

तो बिघडतो तीन कारणांनी. प्लास्टिकच्या चेंडूला जोडाच्या रेषेवर चीर जाते, आत पाणी शिरतं, चेंडू बुडतो आणि कॉक उघडाच राहतो. चेंडू काढून कानाशी हलवला की आतलं पाणी वाजतं. वाजलं की चेंडू बदलायचा. डांबर किंवा गोंद लावून तो टिकत नाही. दुसरं कारण रेती. लाइनचं काम झाल्यावर पहिलं पाणी गढूळ येतं, त्यातला एखादा कण वायसर आणि बैठकीच्या मध्ये अडकतो. तिसरं म्हणजे दांडीचा स्क्रू ढिला होऊन चेंडू जागचा सरकणं. तपासणीला पाच मिनिटं लागतात. पाणी चालू असताना दांडी हातानं वर उचलून धरायची आणि पूर्ण एक मिनिट तोंडाकडे बघायचं. थेंब पडत असेल तर वायसर गेला. हात सोडल्यावर दांडी अडखळत खाली आली तर खिळीवर चुना धरलाय.

पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या पाइपच्या इंचभर खाली थांबली पाहिजे. पितळी दांडी थोडी खाली वाकवली की पातळी उतरते. प्लास्टिकची दांडी वाकवू नये, मोडते. तिला आटे नाहीतर सरकता खटका दिलेला असतो, तो वापरावा. साध्या बॉल कॉकची एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. पाणी वर चढेल तसा तो हळूहळू मिटत जातो, त्यामुळे हौदाचा शेवटचा वितभर भाग अगदी सावकाश भरतो. जिथं तासभरच पाणी येतं तिथं हे नडतं. त्यावर एकदम उघडणारा आणि एकदम मिटणारा उभा कॉक बाजारात मिळतो. तो वेळ वाचवतो, पण त्याच्या आतलं नियंत्रणाचं बारीक भोक गाळानं बुजतं, आणि झटक्यात मिटल्यामुळे पाइप धडधडतो. हा कॉक घेणार असाल तर त्याच्या आधी जाळीचा गाळक बसवायलाच हवा. त्याशिवाय घेऊ नये.

बॉल कॉकइतकंच महत्त्व ओव्हरफ्लोच्या पाइपच्या तोंडाला. बऱ्याच घरांत तो पाइप थेट गटाराच्या लाइनला जोडलेला असतो. मग कॉक सहा महिने गळत राहिला तरी कुणाला पत्ता लागत नाही. हे तोंड अंगणात किंवा दारातून दिसेल अशा जागी उघडं काढावं आणि डास शिरू नयेत म्हणून त्याला नायलॉनची बारीक जाळी बांधावी. पाणी पडताना दिसलं तरच दुरुस्ती होते.

आता गच्चीवरची टाकी. इथं एक चूक सर्रास होते: मोटरच्या पाइपच्या टोकाला बॉल कॉक बसवला जातो. टाकी भरली की कॉक मिटतो, मोटर मात्र फिरतच राहते. पाण्याला जायला जागा नाही, पंपातलं पाणी तापतं, सील जळतं, आणि पाइपचा कच्चा जोड असेल तर तो निखळतो. बॉल कॉक हौदात, महानगरपालिकेच्या लाइनवर. गच्चीवर मोटर थांबवणारं साधन. ही विभागणी पाळावी.

मोटर थांबवणाऱ्या साधनांत अलार्म सगळ्यात स्वस्त. टाकीत दोन तारा सोडायच्या, पाणी त्यांना टेकलं की घरात आवाज येतो. पण वाजल्यावर बटण बंद करायला माणूस घरात हवा. सकाळी मोटर लावून सगळे कामाला जात असतील तर अलार्मचा उपयोग नाही. अशा घरात कंट्रोलरच हवा. पाणी किती जातं ते मोजून ठरवा. हजार लिटरची रिकामी टाकी भरायला २५ मिनिटं लागत असतील, तर मोटर मिनिटाला ४० लिटर देते. रोज पाच मिनिटं उशीर झाला तरी २०० लिटर, महिन्याला ६,००० लिटर. वीज वेगळीच.

कंट्रोलरचे दोन प्रकार मिळतात. एकात स्टीलच्या कांड्या किंवा उघड्या तारा पाण्यात सोडतात, दुसऱ्यात चुंबकाचा तरंगता फ्लोट असतो. पहिला स्वस्त, पण कांड्यांवर क्षार बसतात, तारेचं टोक गंजतं आणि टाकी भरली तरी त्याला कळत नाही. बोअरच्या पाण्यावर तर दोन-तीन महिन्यांनी कांड्या घासाव्याच लागतात. फ्लोटचा प्रकार थोडा महाग असला तरी तोच घ्यावा. त्यातही हौदात पाणी नसेल तर मोटर चालूच न करणारी सोय आहे का ते विचारून घ्या. एप्रिल-मेमध्ये मोटरी जळतात त्या कोरड्या चालल्यामुळे. सेन्सर पाणी पडतं त्या जागेपासून दूर बसवावा, नाहीतर उडणाऱ्या शिंतोड्यांनी तो टाकी भरली असं समजतो आणि मोटर अर्ध्यावर बंद पडते. तारेचा जोड टाकीच्या आत कधीही ठेवायचा नाही. जोड बाहेर, झाकणाच्या पन्हाळीखाली, आणि उन्हात येणारी तार पाइपमधून न्यायची. मोटरचा करंट कंट्रोलरच्या रिलेला झेपतो का हेही बघायचं. अर्ध्या किंवा एक हॉर्सपॉवरला बहुतेक चालतात, त्याहून मोठ्या मोटरला मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट झेपणारा स्विच, लागतो. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं, कारण पाणी आणि २३० व्होल्ट एकाच जागी असतात.

पाणी येण्याच्या लाइनला थेट मोटर लावून खेचणं हा यातला कुठलाच उपाय नाही. तुमचा हौद लवकर भरतो, पण शेजारच्याची चावी, म्हणजे नळ, कोरडी पडते. आणि लाइनमध्ये पोकळी झाली की फुटक्या जोडातून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. ते पहिल्यांदा तुमच्याच हौदात येतं.

घरातली गुपचूप होणारी गळती फ्लशच्या टाकीत असते. ती ऐकू येत नाही, दिसत नाही, भिंतीला ओलही येत नाही. ओळखायला कपड्यांची नीळ पुरते. टाकीचं झाकण काढून पाण्यात नीळ टाकायची, अर्धा तास कुणी फ्लश करायचा नाही, मग कमोडमध्ये बघायचं. पाणी निळसर दिसलं तर बहुधा तळाचा वायसर गळतोय. किती गळतोय हे हवं असेल तर रात्री फ्लशखालचा अँगल कॉक बंद करून टाकीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं पाण्याची रेघ मारायची आणि सकाळी ते पाणी किती उतरलं ते बघायचं. पाणी रेघेखाली उतरलं नाही, पण कॉक उघडल्यावर टाकीत सतत पाणी भरत असल्याचा आवाज येत असेल, तर पाणी मधल्या उभ्या नळीतून वरून जातंय. तिथं फ्लशचा फ्लोट खाली आणून पातळी नळीच्या तोंडापेक्षा इंचभर कमी करायची. हे बहुतेक वेळा एका स्क्रूचं काम असतं.

वायसर आणायला जाताना जुना खिशात घालून न्यावा. दोन वायसर दिसायला सारखे आणि मापाला एक-दोन मिलिमीटरनं वेगळे असतात, आणि तेवढ्या फरकानं नवाही गळतो. साधा काळा रबर क्लोरीनच्या पाण्यात कडक होऊन चिरतो. सिलिकॉनचा थोडा महाग, पण जास्त टिकतो. एका मिसळीच्या पैशात दोन-चार वायसर येतात, तेव्हा इथं कंजुषी नको. बसवण्याआधी खालची बैठक बोटानं पुसून घ्या. तिथं चुन्याचा थर असेल तर नवा वायसरही बसत नाही.

दोन बटणांचा फ्लश घ्यावा का? कमोड वापरणाऱ्या घरात, होय. हिशेब सोपा आहे. जुनी टाकी एका वेळी १० लिटर सोडते. चार माणसं, माणशी पाच वेळा, म्हणजे दिवसाला २०० लिटर. सहा आणि तीन लिटरच्या दोन बटणांच्या टाकीत माणशी एकदा पूर्ण आणि चारदा अर्धं धरलं तर १८ लिटर, चौघांचं मिळून ७२. म्हणजे रोज नेमानं १२८ लिटर वाचतात. अट एकच: नवं यंत्र जुन्या टाकीत बसवताना आतली उंची आणि तळाच्या भोकाचा व्यास मोजून न्या. आणि कमोड फार जुना असेल तर सहा लिटरमध्ये तो साफ होत नाही, दोनदा बटण दाबावं लागतं आणि मग बचत संपते. अशा ठिकाणी टाकीत पाण्यानं भरलेली, घट्ट झाकण लावलेली एक लिटरची बाटली उभी करून ठेवावी. दर फ्लशला एक लिटर वाचतं आणि धारेचा जोरही फारसा कमी होत नाही. वीट मात्र टाकू नये. ती विरघळून रेती होते आणि तीच रेती वायसर कापते. भारतीय पद्धतीच्या भांड्यात बादलीनं पाणी टाकणाऱ्या घराला यातलं काहीच घ्यायची गरज नाही.

आता जाळी. तिच्यात हवा मिसळते, धार भरघोस वाटते आणि पाणी कमी जातं. हे खरं आहे. साध्या चावीतून मिनिटाला १० ते १५ लिटर येतं, जाळीनं ते सहा किंवा तीन लिटरवर येतं. पण बादली २० लिटरची असेल तर जाळी लावा की न लावा, २० लिटरच भरणार, फक्त वेळ तिप्पट. त्यामुळे न्हाणीघरातल्या बादलीच्या चावीला, कपड्याच्या मोरीला आणि वॉशिंग मशीनच्या चावीला जाळी लावणं म्हणजे पैसे वाया. ती लावायची फक्त भांड्यांच्या सिंकला आणि बेसिनला, जिथं पाणी वाहत्या धारेनं वापरलं जातं.

दुसरा प्रश्न दाबाचा. जाळीवर छापलेला आकडा बहुधा एक बार किंवा त्याहून जास्त दाबाचा असतो. एक बार म्हणजे पाण्याचा सुमारे १० मीटरचा स्तंभ. एक मजली घराच्या गच्चीवरची टाकी तळमजल्याच्या चावीपासून सहा-सात मीटर उंच, वरच्या मजल्यापासून तीन-साडेतीन मीटर. एवढ्या दाबावर फेस धरत नाही. सहा लिटरची जाळी दोन-तीन लिटरच देते आणि वैतागून घरातली मंडळी ती काढून ठेवतात. अशा घरात फेसाची नाही, तर बारीक धारांची, शॉवरसारखी जाळी घ्यावी. उंच इमारतीत खालच्या मजल्यांना मात्र फेसाळ जाळी उत्तम चालते. घेण्याआधी एक लिटरचा जग आणि घड्याळ घेऊन मोजा: सहा सेकंदांत भरला तर मिनिटाला १० लिटर, दहा सेकंदांत भरला तर सहा. बेसिनला आधीच दहा सेकंद लागत असतील तर जाळीवर खर्च करू नका.

माप दोन प्रकारचं. चावीच्या तोंडाला आतून आटे असतील तर बाहेरून आटे असलेली २४ मिलिमीटरची जाळी, बाहेरून आटे असतील तर आतून आटे असलेली २२ मिलिमीटरची. जुन्या पितळी चावीला आटेच नसतात. तिच्यासाठी रबरी गळ्याचा जोड मिळतो, पण तो दाबानं निसटतो; घेऊ नये. रबरी वॉशर चावीच्या बाजूला, जाळी खाली. पक्कडीनं आवळताना मध्ये कापड धरा. काही नव्या चाव्यांत जाळी आत लपलेली असते, तिचा प्लास्टिकचा पान्हा दुकानातूनच मागून घ्यावा, नंतर मिळत नाही.

आणि बेसिनसाठी खर्चाशिवायचा उपाय आधीच घरात असतो: खालचा अँगल कॉक. तो थोडा मिटवून धार कमी करता येते. महिन्यातून एकदा पूर्ण उघडून-मिटवून ठेवायचा, म्हणजे तो जाम होत नाही. भांड्यांचं म्हणाल तर दहा मिनिटं चालू धारेखाली घासण्याला १०० लिटर लागतात, जाळी लावून ६०. दोन टबांत, एकात साबणाचं आणि दुसऱ्यात स्वच्छ पाणी घेऊन, १० लिटरचे दोन टब आणि वरून एक तांब्या-दोन तांब्यांत भागतं. जाळी या टबांची बरोबरी करू शकत नाही.

मेमधली आणखी एक नासाडी म्हणजे दुपारी चावी सोडून गार पाण्याची वाट बघणं. अर्धा इंची पाइपच्या एका मीटरमध्ये फक्त पावणेदोनशे मिलिलिटर पाणी मावतं, म्हणजे वीस मीटरच्या लाइनमध्ये साडेतीन लिटर. तेवढं बादलीत काढूनही पाणी गरमच असेल, तर टाकीच तापली आहे आणि कितीही सोडलं तरी गार येणार नाही. ते साडेतीन लिटर भांड्यांना किंवा फरशीला वापरावं, आणि आंघोळीची बादली सकाळीच भरून ठेवावी. टाकीवर पत्र्याचं किंवा शेडनेटचं छप्पर आणि गच्चीवरच्या उघड्या पाइपला फोमची नळी, हा खर्च सार्थकी लागतो. फोमला बाहेरून टेप गुंडाळला नाही तर उन्हानं तो एका हंगामात भुगा होतो.

आरओ मशीनबद्दल ठाम मत: महानगरपालिकेचं पाणी येत असेल तर ते घेऊ नये. धरणाचं आणि नदीचं हे पाणी, त्यात बोअरसारखे क्षार नसतात. विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर लावून बघा. टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली असलेल्या पाण्यावर आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्येच सांगितलं आहे. जुन्या मशीनमध्ये एक लिटर प्यायच्या पाण्यामागे तीन लिटर बाहेर जातं. जंतूंसाठी यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) आणि यूएफ (बारीक छिद्रांची गाळणी) पुरे, त्यात पाणी फेकलं जात नाही. बोअरमुळे आरओ लावावंच लागत असेल तर बाहेर पडणारी नळी बादलीत सोडा. ते पाणी फरशी आणि संडासाला चालतं. कुंडीतल्या झाडांना रोज घातलं तर मातीवर क्षार बसतात.

जूनमध्ये पाऊस लागला की पुरवठ्याच्या पाण्यात गाळ वाढू शकतो. तेव्हा पहिलं गढूळ पाणी हौदात न घेता बादलीत काढून फरशीसाठी ठेवा, आणि सगळ्या जाळ्या सोडवून लिंबाच्या पाण्यात तासभर भिजत घाला. जुन्या दात घासायच्या ब्रशनं उलट बाजूनं घासल्या की त्या पुढच्या उन्हाळ्यालाही चालतात. बॉल कॉकची दांडी तेव्हाच एकदा उचलून बघा.